मगनवाडींतील एक संवाद

वर्धा म्हटलें कीं मगनवाडी, सेवाग्राम आणि बापूंची कुटी डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु याच मगनवाडींत डिसेंबर १९३५ च्या पहिल्या आठवड्यांत झालेल्या एका संवादाची आठवण आमच्या जिल्ह्यांतही फारसें कोणी काढीत नाहीं. मीं तीस वर्षें मुलांना इतिहास शिकविला. पण हा प्रसंग वर्गांत सांगण्याचा मला कधीं धीर झाला नाहीं. ती उणीव आज भरून काढतों.

अमेरिकेहून मार्गारेट सँगर नांवाच्या बाई गांधीजींना भेटावयास आल्या होत्या. त्या मूळच्या परिचारिका. वरचेवरच्या बाळंतपणांनीं खंगलेल्या बायका त्यांनीं न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत पाहिल्या होत्या. त्या देशांत संततिनियमनाची माहिती टपालानें पाठविणें हादेखील १८७३ च्या कायद्यानें गुन्हा होता. बाईंनीं १९१६ सालीं ब्रुकलिनमध्यें दवाखाना उघडला. थोड्याच दिवसांत पोलिसांनीं तो बंद केला आणि बाईंना तीस दिवसांचा तुरुंगवास घडला.

गांधीजींचें म्हणणें असें कीं, संततीची इच्छा नसतां होणारा संग ही केवळ वासना होय. कृत्रिम साधनांनीं ती वाढेल, आवरेल ती संयमानेंच. बाईंचें म्हणणें असें कीं, दांपत्यप्रेमाला शरीराचेंही अंग आहे, आणि सामान्य संसारी माणसाकडून अशा संयमाची अपेक्षा करणें व्यर्थ आहे. मतभेद मिटला नाहीं. तरी एका मुद्द्यावर दोघेही एकाच ठिकाणीं येऊन पोंचले होते. स्त्री स्वतंत्र आहे, नवऱ्याला ‘नाहीं’ म्हणण्याचा तिला अधिकार आहे, हें गांधीजींनीं आग्रहानें सांगितलें. आपल्या देहाचा निर्णय स्त्रीचा, हेंच सँगरबाईही म्हणत होत्या. मात्र ‘नाहीं’ म्हणण्याचें बळ जिला संसारानें उरूंच दिलें नाहीं, तिनें काय करावें? माझ्या मतें, या प्रश्नाला मगनवाडींत उत्तर मिळालें नाहीं.

तें उत्तर महाराष्ट्रांत एक गृहस्थ आधींपासूनच देत होते. महर्षि कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. पुढें प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली, तरी १९२७ पासून त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक मरेपर्यंत चालविलें. आमच्याकडे साधनांना बंदी नव्हती. पण लिहिणाऱ्याच्या पाठीं अश्लीलतेचें कलम लागे. १९३४ च्या खटल्यांत त्यांच्या बाजूनें डॉ. आंबेडकर उभे राहिले; तरी दंड चुकला नाहीं. १९३८ सालीं डॉक्टरांच्या पक्षातर्फे मुंबई विधानसभेंत संततिनियमनाचा ठराव आला. तोही नामंजूर झाला.

स्वराज्यांत वारें फिरलें. १९५२ पासून सरकारनेंच कुटुंबनियोजन हातीं घेतलें. १९६५ सालीं ‘लूप’चा देशभर प्रसार सुरू झाला, तेव्हां केंद्रांत आरोग्यमंत्री होत्या डॉ. सुशीला नायर, म्हणजे गांधीजींच्याच वैद्य आणि आमच्या सेवाग्रामच्या! १९७१ सालीं गर्भपातालाही कायद्यानें मर्यादित परवानगी दिली.

परंतु साधन आलें म्हणजे अधिकार आला, असें नव्हे. १९७६–७७ या एकाच वर्षांत देशांत ऐंशीं लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. कित्येकांवर उघड जबरदस्ती झाली. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तर सक्तीच्या नसबंदीचें विधेयकच मंजूर केलें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यामुळें तें अंमलांत आलें नाहीं, हें आपलें भाग्य. मुलें किती व केव्हां व्हावीं हें ठरविणें हा आईबापांचा मूलभूत मानवी हक्क आहे, असें तेहरानच्या परिषदेनें १९६८ सालींच घोषित केलें होतें. जें सरकार एके काळीं ‘बोलूं नका’ म्हणत होतें, तेंच आतां ‘केलेंच पाहिजे’ म्हणूं लागलें. तिला मात्र दोन्ही वेळां कोणी विचारलें नाहीं.

१९७१ च्या कायद्यांत साधन निरुपयोगी ठरल्याची सबब फक्त विवाहितेला होती. २०२१ च्या दुरुस्तीनें ‘पति’ शब्दाच्या जागीं ‘जोडीदार’ आला, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अविवाहितेलाही तोच हक्क असल्याचें सांगितलें.

श्रोतेहो, मगनवाडींतल्या दोघांपैकीं कोणाचा मार्ग बरोबर, हें ज्यानें त्यानें ठरवावें. पण ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार नवऱ्यासमोर खरा असेल, तर तो सासरच्या माणसांसमोर, डॉक्टरसमोर आणि सरकारसमोरही खराच असला पाहिजे. आपल्या घरांत तो किती खरा आहे, हें आज रेडिओ बंद केल्यावर प्रत्येकानें स्वतःलाच विचारून पाहावें.