सांध्यातला निरोप



डॉक्टरी विद्येत आमचा अधिकार नाही. आम्ही शिकलो ते कारखान्याच्या दारावर आणि नगरवाचनालयात. काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनची एक सभासद भगिनी सुजलेली बोटे घेऊन आली. सकाळी तास-दीड तास तिची मूठ वळत नसे. साहेबांनी शेरा मारला होता: 'कामचुकार'. तिला आमवात होता. तिची बाजू मांडण्यासाठी जे वाचले, त्यातला इतिहास आज सांगतो.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. म्हणून ती गेली की सहसा भरून येत नाही. ती जाते कशाने? केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत ऑनर फेल या बाई 1929 ते 1970 संचालक होत्या. शरीराबाहेर काचपात्रात कूर्चा जिवंत ठेवण्यात त्यांचा हातखंडा. 1977 साली फेल आणि जब यांनी दाखवले की, डुकराच्या सांध्याचे अस्तर शेजारी ठेवले तर ते न चिकटताही कूर्चा विरघळू लागते. मात्र कूर्चेतल्या पेशी मेलेल्या असतील तर दूरच्या अस्तराचे काही चालत नाही. म्हणजे अस्तर केवळ निरोप धाडते. घर पाडतात ते घरातलेच रहिवासी!

त्या निरोप्याला 'कॅटाबोलिन' नाव मिळाले. त्याच्या शुद्धीकरणात जेरेमी साकलातवाला यांचा मोठा वाटा. हे आडनाव ऐकताच कामगार कार्यकर्त्याचे कान टवकारतात. कारण मुंबईत जन्मलेले कामगारांचे कैवारी शापुरजी साकलातवाला 1922 साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले होते. असो. कॅटाबोलिन म्हणजेच इंटरल्यूकिन-1, हे पुढे उमगले. टीएनएफ हे दुसरे प्रथिनही तेच काम करते, हे जेरेमींनी 1986 साली दाखवले. निरोप पोचताच पेशी बांधकाम थांबवतात आणि वितंचके सोडतात. त्यांतली काही कोलॅजेनचे दोर तोडतात, काही पाणी धरून ठेवणारे ॲग्रेकन कापतात.

या निरोप्यांत मुकादम कोण? लंडनच्या केनेडी संस्थेत मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या गटाला 1989 साली आढळले की, टीएनएफ अडवले की रोगी अस्तरातील इंटरल्यूकिन-1 देखील घटते. 1992 साली चेरिंग क्रॉस रुग्णालयात माणसांवर प्रयोग सुरू झाला. वीस रोग्यांचा अनुभव 1993 साली प्रसिद्ध झाला. सूज उतरली, वेदना शमल्या. 2003 साली दोघांना लास्कर पारितोषिक मिळाले.

पण विजयाला मर्यादा आहेत. म्हातारपणी गुडघे धरतात त्या संधिवातातही हे निरोपे सापडतात. तिथे मात्र टीएनएफ अडवून तसा गुण आलेला नाही. शिवाय तेच टीएनएफ क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवते. त्याला अडवल्यावर दबलेला क्षय उसळल्याची उदाहरणे 2001 साली प्रसिद्ध झाली. म्हणून आधी क्षयाची तपासणी हवीच. आणि ही औषधे गरिबाला महाग, हे आम्ही सांगायला नको.

त्या भगिनीचा शेरा आम्ही पुसून घेतला, तिला हलके काम मिळवून दिले. वाकडी झालेली बोटे मात्र सरळ झाली नाहीत. उपचाराला उशीर झाला होता. म्हणून एवढेच विनवतो: घरात कुणाची मूठ सकाळी वळेनाशी झाली, तर त्याला आळशी म्हणू नका. आधी डॉक्टरकडे न्या.