बार्शीची पायपीट

बार्शी तिथे सरशी, असं सोलापूर जिल्ह्यात कौतुकाने म्हणतात. कॅन्सरच्या कामात बार्शीने ते खरं करून दाखवलं. 1987 साली मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली 346 गावं तिच्या कक्षेत होती.

मुंबईत अशी नोंदणी 1963 पासून होती, पण ती दवाखान्यांच्या कागदांवरून चालायची. इथे पंचाईत अशी की रोगी दवाखान्यात पोचायचेच नाहीत. दुखणं अंगावर काढायचं, आणि एक दिवस गावातच डोळे मिटायचे. कागद कुठून असणार? तेव्हा डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यकर्त्यांनाच गावोगाव धाडलं. हे लोक पुन्हा पुन्हा जायचे, माणसं गोळा करून बोलायचे. तोंडातली जखम भरत नाही का, छातीत गाठ लागते का, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जातंय का, हे विचारायचे. शंका आली की त्या माणसाला बार्शीला यायला तयार करायचे. कोण कशाने गेलं, याचीही नोंद ठेवायचे.

नुसत्या या बोलण्याने फरक पडला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्याचं 1995च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पुढे 1999 पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1,31,746 बायकांचा मोठा अभ्यास झाला. या कॅन्सरमागच्या एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या तपासणीने आठ वर्षांत त्याचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा अभ्यासाचा निष्कर्ष 2009 साली जगापुढे आला. त्यामागे बार्शीच्या लोकांची पायपीट आहे, हे आपण अभिमानाने सांगायला हवं.

पण जे उशिरा आले त्यांचं काय? त्यांच्या नातेवाइकांना दवाखान्यात एकच वाक्य ऐकू येतं: आता घरी न्या, सेवा करा. गाडी दारात थांबते, चार माणसं उचलून आजाऱ्याला आत ठेवतात आणि पांगतात. मग ती सेवा एकट्या सुनेच्या किंवा लेकीच्या अंगावर पडते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. तंबाखू-मिश्रीने तोंडाचा कॅन्सर झालेला असेल तर जखमेच्या वासाने शेजारीपाजारी उंबऱ्याबाहेरूनच विचारपूस करतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक कुटून जखमेवर भुरभुरली तर तो वास खूप कमी होतो. गोळी स्वस्त आहे. ती कशी वापरायची ते दाखवणारं माणूस मात्र दारात यावं लागतं.

अशा आजाऱ्यांसाठी डॉ. एल. जे. डिसोझा यांनी 1986 साली मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन काढलं, ते भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्यांच्या शुश्रूषेचं घर. पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्ला या औषध कंपनीचं असंच केंद्र आहे. दोन्ही ठिकाणी विनामूल्य शुश्रूषा मिळते. पण भूमच्या कुटुंबाने गुरंढोरं, पेरणी टाकून महिनाभर पुण्यात राहायचं कसं? म्हणून मला केरळचा मार्ग आपल्याला जवळचा वाटतो. 1993 साली डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी कोझिकोडला सुरू केलेल्या शुश्रूषेच्या कामातून पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत गावातलेच स्वयंसेवक तयार झाले. थोडं प्रशिक्षण घ्यायचं, नर्सबरोबर घरी जायचं आणि काही वेळा नुसतं बसायचं, म्हणजे घरच्या बाईला दोन तास डोळा लागतो.

वेदना थांबवायला मॉर्फिन लागतं. 1985च्या अंमली पदार्थ कायद्याच्या परवान्यांमुळे ते गावापर्यंत येत नव्हतं. 2014च्या दुरुस्तीने ते सोपं झालं. तरी गोळी वेळेवर दिली का, पोट साफ होतंय का, हे बघायला घरात कुणीतरी डोकवावंच लागतं. बार्शीच्या कार्यकर्त्यांना या गावांची वाट पाठ आहे. त्या 346 गावांतून दोन-दोन माणसं उभी राहिली, तर या भागात शुश्रूषेचं काम घरोघरी सुरू करायला तेवढं पुरेल.