शब्दवेध : रिक्त

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीचं नाव घेतलं की मला कापड रंगवणारा माणूस आठवतो. कोऱ्या कापडावर तो एकदम रंग चढवत नाही, आधी खळ काढतो. खळ राहिली तर रंग नीट धरत नाही.

ख्रिस्ती प्रार्थनेत या खळीला अहंकार म्हणावं लागेल. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या वचनात, ख्रिस्ताने स्वतःचं जे केलं त्यासाठी मराठी बायबलने ‘रिक्त’ हा शब्द योजला. मूळ ग्रीक क्रियापद ‘केनोस’, म्हणजे रिकामा, यापासूनचं. त्यावरूनच ‘केनोसिस’ ही संज्ञा आली. आपला शब्द संस्कृत ‘रिच्’ धातूचा. सोडणं, मोकळं करणं हा त्याचा अर्थ. प्राकृतात त्याचा ‘रित्त’ झाला, मराठीत ‘रिता’. प्राणायामातला श्वास सोडण्याचा ‘रेचक’ याच घरचा. (औषधाच्या दुकानातला रेचकही! हसू नका, सख्खा भाऊ आहे.) मूक प्रार्थनेला बसणाऱ्याला मात्र ‘रिकामा’पेक्षा हा धातूच जवळचा वाटावा, कारण त्यात सोडण्याची क्रिया आहे.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ती जगून दाखवली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, संन्यास पत्करला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. तेव्हा हाताशी जेमतेम दोन वर्षं उरली होती.

‘रिक्त जागा भरणे आहे’ अशी जाहिरात दिसली, तर हा धातू एकदा आठवून बघा.