सतत गैरहजर : शेतावरच्या तान्ह्या बाळांचा इतिहास शोधताना

गेल्या वर्षी गावच्या प्राथमिक शाळेचं जुनं जनरल रजिस्टर चाळत होतो. शोधत वेगळंच होतो. आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या या गावातून किती पोरं शाळा सोडून मुंबईच्या गिरण्यांत गेली, याचा अंदाज घ्यायचा होता. पान उलटताना थोरल्या बहिणीचं नाव दिसलं. इयत्ता तिसरी. शाळा सोडल्याची तारीख ऑगस्ट १९७१ मधली. कारणाच्या रकान्यात दोन शब्द : ‘सतत गैरहजर’.

त्याच वर्षीच्या ज्येष्ठात माझा जन्म झाला. सव्वा महिना संपला तेव्हा बाजरी-घेवड्याची भांगलण ऐन भरात आली होती. वडील मुंबईला गिरणीत, आजी मोतीबिंदूने अधू, दोन एकर जिरायत रान आणि ते राखणारी एकटी आई. अक्का नऊ वर्षांची होती. गैरहजर ती शाळेत होती. हजर कुठे होती, ते मला ठाऊक आहे. बांधावरच्या लिंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असे, त्या झोळीची दोरी तिच्या हातात असे आणि झोळीत मी.

या दोन शब्दांनी मला वेगळ्याच कामाला लावलं. शेतकऱ्याच्या घरात मूल जन्मतं आणि शेत तर थांबत नाही, मग पहिली दोन-तीन वर्षं निभावतात कशी? आपल्या सामाजिक इतिहासात याचं उत्तर शोधायला गेलं, की एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. मजुरी करणाऱ्या आईची नोंद सापडते. स्वतःच्या रानात राबणाऱ्या आईची सापडत नाही.

गिरणीतल्या बायकांची नोंद विपुल आहे. मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा १९२९ चा, देशातला या प्रकारचा पहिला. त्याच्या आदल्या वर्षी विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंडळात मांडलेला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. बाळंतपणातली विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब आहे, म्हणून तिचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. कायदा झाला तो मात्र मालकावर भार टाकणारा. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरावीक संख्येहून अधिक बायका कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. माझे वडील ज्या गिरणीत साचे चालवत, तिथल्या कामगार बाईच्या मुलाचा विचार कायद्याने केला होता. त्यांच्या स्वतःच्या मुलाचा केला नव्हता, कारण आमच्या दोन एकरांना मालक होता तो आमचाच बाप. भरपाई मागायची कोणाकडे?

शिरगणतीत तर आई आणखी पुसट होते. १९७१ च्या शिरगणतीने माणसाचा मुख्य उद्योग विचारला. ‘तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला शेतकरी घरातली बाई काय उत्तर देते, ते खेड्यात वाढलेल्या कोणालाही माहीत आहे. ‘काय न्हाई, घरीच असते.’ आणि हे सांगताना ती हातातलं खुरपं कमरेला खोवत असते. त्या शिरगणतीत काम करणाऱ्या बायकांचं प्रमाण १९६१ च्या मानाने एकदम घसरलं. पुढे १९८१ मध्ये ‘सीमांत कामगार’ असा वेगळा रकाना करावा लागला. रानं तीच होती, बायकाही त्याच होत्या.

मग कागद सोडून वस्तूंकडे आणि रिवाजांकडे वळावं लागतं. पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज आपण हौसेचा मानतो. शेतीच्या अंगाने पाहिलं तर त्याचा अर्थ निराळा दिसतो. माहेरी बाईच्या हातांवर कामाचा हक्क सांगणारं कोणी नसतं. शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे-अळिवाचे लाडू, सव्वा महिना विटाळ म्हणून चुलीला नि कामाला हात न लावणं, यांतलं विटाळाचं शास्त्र मला मान्य नाही. पण बाळंतिणीला खाटेवर पडू देणारा दुसरा कुठलाही कायदा गावात नव्हता, हेही खरं. आणि हे लाड पहिल्या खेपेचेच. मी आईचं पाचवं मूल. माझ्या वेळी माहेर नव्हतं आणि डिंकही बेताचाच होता.

सव्वा महिन्यानंतर झोळी. या झोळीचं तंत्र अक्काने मला अलीकडे सविस्तर सांगितलं. फांदी अशी निवडायची की दुपारची सावली सरकली तरी बाळावर ऊन येऊ नये. लुगडं जुनंच हवं, नवं टोचतं. दोरीला मुंग्या चढतात, म्हणून गाठीजवळ राखेत बुडवलेली चिंधी बांधायची. पाजण्याची वेळ घड्याळावर नव्हती, पातीवर होती. आईची पात बांधाला लागली की बाळ पाजायचं. मूल त्याआधी रडलं तर अक्काने झोका वाढवायचा, बोट चोखायला द्यायचं, अगदीच आवरेना तर हाक मारायची. हाक मारली की पात मोडते. बरोबर सावडीला आलेल्या बायका पुढे निघून जातात आणि त्यांच्या रानातली परतफेड वाढते. नऊ वर्षांच्या पोरीला हा हिशेब पक्का कळत होता.

जिथे सांभाळायला अक्का नसे, तिथे काय होत असे, ते सांगायला लोक आजही कचरतात. अफू. १८९३ साली नेमलेल्या अफू आयोगापुढे तान्ह्या मुलांना अफू चारण्याविषयी देशभरातून साक्षी झाल्या. मुंबईच्या चाळींत ‘बाळागोळी’ या नावाने ती विकली जाई आणि गिरणी कामगारांच्या मुलांबाबत तिचा बोभाटा झाला. शेतावर मात्र ती निमूट दिली गेली. मूल निजलं राहावं, रडू नये, भूक लागू नये. आमच्या भावकीतल्या एका म्हातारीने मला बोटाच्या टोकावर मात्रा दाखवली, मोहरीएवढी. मग म्हणाली, ‘आमी काय मारायला देत हुतो व्हय?’ या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही.

गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. त्यांत तान्हं बाळ ठायी ठायी भेटतं. पण जातं पहाटेचं. त्या वेळी मूल मांडीवर किंवा शेजारी निजलेलं असे. मला वाटतं, दळणाने आईला मूल आणि काम एकत्र करू दिलं, म्हणून तिथे गाणं झालं. भांगलणीने ते करू दिलं नाही.

या सगळ्या शोधात एकाच ठिकाणी मला अक्का भेटली. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम करू लागल्या आणि १९५७ मध्ये अनुताई वाघांसह ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत का येत नाहीत, याचं उत्तर त्यांनी रजिस्टरात शोधलं नाही, कुरणात जाऊन पाहिलं. मुलगे गुरांमागे होते, मुलींच्या कडेवर धाकटी भावंडं होती. म्हणून गुरांमागच्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी निघाली. बहिणीने भावंड घेऊन यावं, त्याला पाळणाघरात ठेवावं आणि आपण वर्गात बसावं. कल्पना इतकी साधी आहे की ती सगळीकडे का गेली नाही, याचंच नवल वाटतं. ताराबाईंच्या कामातून ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे देशभर गेला. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पण त्यात वर्गात बसायचं ते तीन वर्षांपुढच्या मुलाने. त्याहून लहान मुलाला आहार, लस आणि वजनकाटा मिळाला. दिवसभर त्याला धरून बसायला कोणी मिळालं नाही. शब्द गेला, पाळणा मागे राहिला.

मी वर्षाचा झालो त्या सुमाराला बहात्तरचा दुष्काळ पडला. रानात भांगलायला काही उरलं नाही आणि आई खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेली. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना त्या दुष्काळात राज्यभर पसरली होती. त्या वाटेवरचा पुढचा मोठा टप्पा म्हणजे २००५ चा केंद्रीय कायदा. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर एका बाईला त्यांना सांभाळायला नेमावं आणि तिला मजुरी द्यावी, असं त्यात लिहिलेलं आहे. मी ते कलम पुन्हा पुन्हा वाचलं. अक्काने केलं तेच काम, मजुरीसकट. फक्त ते सरकारी कामावर हवं. आपल्या बांधावर नाही.

आता तर घरची रानं आणखी बारकी झाली. महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये १.३४ वर आलं. रान लहान झालं की काम कमी होतं, हा शहरातला समज आहे. रान लहान झालं की गडी परवडत नाही, घर वेगळं निघतं आणि सासू थोरल्याकडे राहते. माझी भाचेसून शिकलेली आहे. ती मोटारसायकलवर दुधाचं कॅन आणि पुढ्यात वर्षाचं पोर घेऊन डेअरीला जाते. रानात लिंबाखाली मोबाइलवर गाणी लावून देते. तिच्या घरी नऊ वर्षांची कोणी नाही. असती तर ती शाळेत असती, एवढं नक्की बदललं आहे. मात्र त्या मुलीच्या जागी कोण आलं, या प्रश्नाला मोबाइल हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

रजिस्टरातल्या पानाचा मी फोटो काढला होता. दिवाळीला अक्काकडे गेलो तेव्हा तिला वाचून दाखवला. तिला वाईट वाटेल म्हणून मी तयारी ठेवली होती. ती करंज्या भरत होती. फोटोकडे न बघताच तिने विचारलं, ‘सतत म्हंजे? रोज?’

‘हो.’

‘खोटं हाय ते. पाऊस लागला की भांगलण बंद असायची. तवा जात हुते की मी.’