मराठी मजकुराची संगणकीय हाताळणी

मराठी मजकुराची संगणकीय हाताळणी म्हणजे देवनागरी लिपीतील मराठी मजकूर संकेतस्थळे, विदागारे आणि इतर आज्ञावलींमध्ये साठवणे, शोधणे, वर्णक्रमाने लावणे व पडद्यावर योग्य रूपात दाखवणे यांसाठी प्रोग्रामर वापरतात त्या तंत्रांचा समूह होय. युनिकोड सर्वत्र रूढ झाल्यापासून मराठी पडद्यावर दिसण्याचा प्रश्न बहुतांशी सुटला आहे. मात्र पडद्यावर एकसारखे दिसणारे दोन शब्द संगणकाच्या लेखी भिन्न असू शकतात आणि भिन्न अर्थाचे दोन शब्द तो एकच समजू शकतो. मतदारयादी, सातबारा, निकालपत्र किंवा ग्रंथालयाची सूची यांत नाव सापडणे न सापडणे यावरच अवलंबून असते. या लेखातील बरीच उदाहरणे कोल्हापूर जिल्ह्यातील स्थलनामांची आहेत. जोडाक्षर, अनुस्वार, ळ आणि आडवा र या चारही अडचणी त्यांत सहज सापडतात.

पार्श्वभूमी

भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली १९८८ मध्ये तयार झाली आणि भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ती मानक म्हणून स्वीकारली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेने विकसित केले. इनस्क्रिप्ट कळफलकही याच काळातला होय.

छापखान्यांत आणि कार्यालयांत मात्र दीर्घकाळ वेगळीच पद्धत चालली. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. कागदावर मराठी उमटे, पण संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षरेच राहत. असा मजकूर फॉन्ट बदलताच निरर्थक होतो. तो युनिकोडमध्ये आणण्यासाठी प्रत्येक फॉन्टची स्वतंत्र तुलनासारणी लागते आणि तेवढ्यानेही काम भागत नाही. जुन्या फॉन्टांत चिन्हे दिसण्याच्या क्रमाने टंकली जात : 'शिरोळ' लिहिताना आधी वेलांटी, मग श; 'कर्म' लिहिताना आधी म, मग त्यावरचा रफार. युनिकोडमध्ये चिन्हे उच्चारक्रमाने साठवली जातात. म्हणून रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस वेलांटी पुढच्या व्यंजनामागे न्यावी लागते आणि रफार आधीच्या जागी आणावा लागतो. जोडाक्षरावरील वेलांटी असेल, तर संपूर्ण जोडाक्षर ओलांडावे लागते. रूपांतरित जुन्या दस्तऐवजांत वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली दिसते, ती ही पायरी अर्धवट राहिल्यामुळे.

अक्षर आणि संकेतचिन्ह

मराठी व्याकरणात अक्षर म्हणजे स्वर किंवा स्वरयुक्त व्यंजन. संगणकास हे अक्षर ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते ते संकेतचिन्ह. 'कोल्हापूर' या शब्दात को, ल्हा, पू, र अशी ४ अक्षरे आहेत. युनिकोडमध्ये मात्र तो क, ओकार, ल, हलन्तचिन्ह, ह, काना, प, दीर्घ उकार, र अशा ९ चिन्हांत साठवला जातो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात, म्हणजे हे एकच नाव २७ बाइटांचे होते. संकेतस्थळाच्या पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन वर्णांनी लिहिला जात असल्याने तेथे त्याची लांबी ८१ भरते.

लांबी मोजण्याचे हे तीन हिशेब एकमेकांत मिसळले की घोटाळा होतो. मजकूर दहा बाइटांवर कापला तर 'कोल' नंतर तुटक्या बाइटाचे निरर्थक चिन्ह उरते. चार चिन्हांवर कापला तर 'कोल्' असा पाय मोडलेला शब्द राहतो. जावास्क्रिप्ट किंवा पायथन यांनी सांगितलेली लांबी ९ असते, ४ नव्हे. वाचकाच्या दृष्टीचे अक्षर हवे असल्यास युनिकोडने ठरवलेले अक्षरसमूह मोजावे लागतात. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी 'इंटल' संचातील 'सेगमेंटर' आहे. येथेही आवृत्ती पाहावी लागते. युनिकोड १५.१ (२०२३) पूर्वीच्या नियमांनुसार 'ल्' आणि 'हा' हे वेगळे समूह मानले जात व उत्तर ५ येई. त्यानंतरच्या नियमांत देवनागरी जोडाक्षर अखंड राहते.

मोबाइल संदेशांत हा हिशेब थेट पैशांत मोजला जातो. रोमन लिपीतील साध्या एसएमएसमध्ये १६० वर्ण मावतात, देवनागरीत ७०. काना, मात्रा, अनुस्वार हे सारे त्या ७० मध्येच धरले जातात.

साठवण

मजकूर, विदागार आणि त्यांना जोडणारा दुवा या तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८ असणे ही किमान अट आहे. एक जरी दुवा जुन्या लॅटिन संकेतांवर राहिला, तरी मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठवली जाते. त्यातून मूळ नाव परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नसतो.

मायएसक्यूएलमधील जुना 'यूटीएफ८' हा प्रकार एका चिन्हास जास्तीत जास्त ३ बाइट देतो. देवनागरी त्यात मावते. मोडी मावत नाही. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली (आवृत्ती ७.०) स्थान मिळाले ते मूळ पटलाबाहेर, आणि तिच्या प्रत्येक चिन्हास ४ बाइट लागतात. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळातील मोडी कागदपत्रांचा मोठा साठा आहे. अशा कागदांचे मूळ लिपीतील पाठ नोंदवणाऱ्या विदागारासाठी 'यूटीएफ८एमबी४' हा प्रकार आरंभीच निवडणे आवश्यक ठरते.

एकाच रूपाचे अनेक संकेत

मराठीत र चे जोडाक्षर दोन प्रकारे होते. 'दर्या' म्हणजे समुद्र, तर 'दऱ्या' हे दरी या शब्दाचे अनेकवचन. 'आचार्यास' दिलेली दक्षिणा आणि 'आचाऱ्यास' दिलेली मजुरी यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. हिंदीत हा भेद नसल्याने हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या आज्ञावलींत त्याची दखल अनेकदा घेतली जात नाही.

आडवा र लिहिण्याचे युनिकोडमध्ये दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे नुक्ता असलेला ऱ (संकेतक्रमांक ०९३१), त्यापुढे हलन्तचिन्ह आणि य : 'दऱ्या'. दुसरा म्हणजे साधा र, हलन्तचिन्ह, अदृश्य असे शून्यरुंदी-जोडचिन्ह आणि मग य : 'दर्‍या'. दुसरा मार्ग युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी ठेवलेला आहे. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, पण शोधात एक दिला असता दुसरा सापडत नाही. 'एनएफसी' हे युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एकरूप करत नाही. मजकूर स्वीकारतानाच दुसऱ्या प्रकाराचे पहिल्यात रूपांतर करावे, हा यावरचा उपाय होय. अनेक आज्ञावली सुरक्षिततेसाठी अदृश्य चिन्हे सरसकट गाळून टाकतात. तसे रूपांतराआधीच केले, तर दर्‍यांचा समुद्र होतो आणि आचाऱ्याचा आचार्य.

ॲ या अक्षराची कथा अशीच आहे. २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये त्याला स्वतंत्र क्रमांक (०९७२) मिळाला. त्याआधी अ वर चंद्र ठेवून 'अॅ' लिहीत, आणि काही कळफलक हिंदीतील 'ऍ' देत. त्यामुळे ॲड., ॲप, ॲल्युमिनियम हे शब्द जुन्या मजकुरात तीन तऱ्हांनी आढळतात. यांतील 'अॅ' ही जोडणी वापरू नये असे युनिकोड स्पष्टपणे सांगते, तरीही प्रमाणीकरण ती आपोआप बदलत नाही. विसर्गाचीही गणना येथेच करावी लागेल. 'दुःख' मधील विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे चिन्ह टंकण्याची सवय इतकी पसरली आहे की कोणत्याही मोठ्या मराठी संग्रहात दोन्ही रूपे मिळतात.

शोध आणि तुलना

शोधासाठी सैल तुलना आणि ओळख पटवण्यासाठी काटेकोर तुलना, असा भेद पाळणे इष्ट असते. युनिकोडच्या तुलनानियमांत नुक्ता दुय्यम पातळीवर धरला जातो. त्यामुळे केवळ प्राथमिक पातळीवर तुलना करणारे विदागार 'दर्या' आणि 'दऱ्या' एकच मानते. शोधात चार निकाल अधिक आले तर बिघडत नाही. परंतु सदस्यनाम एकमेव असले पाहिजे अशा रकान्यावर हीच तुलना लावली, तर दोन वेगळ्या नावांपैकी एक नाकारले जाते.

नमुनाशोधात, म्हणजे रेगेक्समध्ये, 'शब्दातील वर्ण' दर्शवणारे चिन्ह जावास्क्रिप्टमध्ये फक्त रोमन अक्षरे, रोमन अंक व अधोरेषा यांनाच लागू होते. पायथनच्या मूळ 'आरई' संचात ते देवनागरी व्यंजने स्वीकारते, पण काना, मात्रा व हलन्तचिन्ह नाकारते. परिणामी 'हिंदी' हा एक शब्द तुकड्यांत मोडतो. नावाच्या रकान्यात 'फक्त अक्षरे लिहा' अशी सूचना देऊन 'गडहिंग्लज' नाकारणारे अर्ज याच चुकीतून जन्मतात. अक्षरे आणि त्यांना जोडून येणारी चिन्हे हे युनिकोडचे दोन्ही वर्ग नमुन्यात घेतल्यास अडचण दूर होते.

वर्णक्रम

संकेतक्रमांकानुसार लावलेली यादी मराठी वर्णक्रमाने लागतेच असे नाही. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे व व च्या आधी आहे. मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. जावास्क्रिप्टची नेहमीची क्रमवारी 'कळंबा' आधी व 'कसबा बावडा' नंतर ठेवते, तर मराठी वाचक 'कसबा बावडा' आधी शोधतो. क्ष आणि ज्ञ यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान नाही, कारण ती जोडाक्षरे आहेत. म्हणून क्षीरसागर हे आडनाव क च्या शेवटी, ख च्या आधी पडते. शाळेतील वर्णमालेप्रमाणे त्याचे स्थान ळ नंतर आहे. व्याकरणदृष्ट्या क्ष ला क् च्या घरात बसवणे चूक नव्हे; मात्र एका यादीत एकच पद्धत असावी आणि ती वाचकाच्या सवयीची असावी. युनिकोड संघाच्या सीएलडीआर संग्रहात मराठीचे स्वतंत्र क्रमनियम आहेत. भाषा 'मराठी' अशी स्पष्ट सांगून 'कोलेटर' वापरल्यास ते लागू होतात.

पडद्यावरील रूप

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व लेखनाची मानके निश्चित केली. त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी वळणे प्रमाण ठरवली आहेत. मराठी आणि हिंदी वळणांच्या या अक्षरांचे संकेतक्रमांक एकच असल्याने कोणते वळण दिसावे हे फॉन्ट ठरवतो. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टात दोन्ही वळणे असतात आणि पानाची भाषा 'एमआर' अशी नोंदवली असेल तरच मराठी वळण उमटते. ही नोंद राहून गेली, की मराठी पानावर हिंदी वळणाचे ल आणि श येतात. वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीही याच नोंदीवरून उच्चार निवडतात, म्हणून दृष्टिहीन वाचकांसाठी तिचे महत्त्व अधिक आहे.

शैलीपत्रकात अक्षरांमधील अंतर वाढवल्यास शिरोरेषा तुटू शकते. रोमन मजकुरासाठी आखलेल्या ओळीच्या उंचीत रफार, मात्रा व उकार छाटले जातात.

अंक

सीएलडीआरनुसार मराठीसाठी देवनागरी अंक हे मूळ अंक आहेत. त्यामुळे भाषा मराठी ठेवून जावास्क्रिप्टने दाखवलेली संख्या १२,३४,५६७ अशी लक्ष-हजारांच्या गटांत व देवनागरीत येते. हीच संख्या परत वाचण्यास सांगितले, तर जावास्क्रिप्ट ती संख्या मानत नाही. स्वल्पविराम काढून '१२' एवढेच दिले तरी तेच घडते. पायथन व जावा मात्र '१२' ही संख्या म्हणून वाचतात. आतील व्यवहार एकाच अंकपद्धतीत ठेवून रूपांतर फक्त दर्शनाच्या वेळी करणे, ही सर्वमान्य रीत आहे.

विभक्ती आणि तयार वाक्ये

इंग्रजी आज्ञावलींत वाक्याचा साचा ठेवून रिकाम्या जागी नाव भरतात. मराठीत नावाला सामान्यरूप असते. 'कोल्हापूर' चे 'कोल्हापुरात' होते, 'पन्हाळा' चे 'पन्हाळ्यात', 'आजरा' चे 'आजऱ्यात' आणि 'राधानगरी' चे नुसते 'राधानगरीत'. साच्यात 'त' चिकटवल्याने 'कोल्हापूरत' किंवा 'आजरात' असे शब्द तयार होतात, आणि ते प्रतिष्ठित संकेतस्थळांवरही दिसतात. दोन मार्ग व्यवहार्य आहेत : प्रत्येक स्थलनामाचे सामान्यरूप विदागारात स्वतंत्र रकान्यात ठेवणे, किंवा 'ठिकाण : आजरा' अशी विभक्ती टाळणारी रचना करणे. स्थलनामांची संख्या मर्यादित असते, त्यामुळे पहिला मार्ग वाटतो तितका खर्चिक नाही. दुसरा सोपा आहे, परंतु सबंध पान तक्त्यासारखे वाचावे लागते.

लिंगाचाही प्रश्न असतो. अर्ज मिळाला, तक्रार मिळाली, पत्र मिळाले. इंग्रजीतील एका साच्याला येथे तीन लागतात. अनुवादकाला सुटे शब्द न देता पूर्ण वाक्ये देणे म्हणूनच आवश्यक आहे.

चाचणी

मराठीसाठी आज्ञावली तपासताना 'राम', 'कमल' असे सोपे शब्द निरुपयोगी असतात, कारण त्यांत जोडाक्षर, अनुस्वार किंवा आडवा र येत नाही. गडहिंग्लज, हातकणंगले, आजऱ्याचा, क्षीरसागर, ज्ञानेश्वर, ॲड., ऑगस्ट, दुःख, कळंबा आणि कसबा बावडा एवढे शब्द नोंदवून, परत वाचून, शोधून, क्रमाने लावून आणि मध्येच कापून पाहिल्यास वर वर्णिलेले बहुतेक दोष उघड होतात. ऱ्य दोन्ही पद्धतींनी टंकून पाहावा. एक पद्धत इनस्क्रिप्ट कळफलकावरून आणि दुसरी जुन्या दस्तऐवजातून उतरवून घेतली, तर प्रत्यक्ष वापरातील परिस्थिती अधिक जवळून तपासली जाते.