ढोल आमचा, मग शास्त्र कुणाचे?

इसवी सन १९१६. मार्च महिन्यात बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. सूत्रधार होते पंडित विष्णु नारायण भातखंडे आणि आश्रयदाते महाराजा सयाजीराव गायकवाड. त्याच वर्षी ९ मे रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २५ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्याला शिकायला पाठवणारी शिष्यवृत्तीही बडोद्याचीच होती. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

एकाच दरबाराच्या पाठबळावर दोन कामे चालू होती. एकीकडे संगीताचे शास्त्र बांधले जात होते, दुसरीकडे जातीची चिकित्सा होत होती. शंभर वर्षे उलटली, तरी या दोन कामांची गाठ आपल्या विद्यापीठांत क्वचितच पडली. म्हणून वस्तीतली एखादी मुलगी संगीतशास्त्रात एम. ए., पीएच. डी. करायचे म्हणते, तेव्हा आपलेच कार्यकर्ते विचारतात, 'याचा चळवळीला काय उपयोग?' उत्तर इतिहासातच आहे.

भातखंडे पेशाने वकील. त्यांनी देशभर फिरून घराणेदार गायकांकडून चिजा मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या, राग दहा थाटांत मांडले. हे काम मोठे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. त्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' तर मराठीत आहे. पण जुने संस्कृत ग्रंथ आजच्या गायनाला लागू पडत नाहीत हे ओळखणाऱ्या याच पंडितांनी नव्या पद्धतीचा 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा ग्रंथ पुन्हा संस्कृतातच रचला. का? कारण या देशात ज्ञानावर शिक्का संस्कृतात बसतो. चिजा उस्तादांच्या आणि शास्त्रकार पंडित! गळ्यातले आणि हातातले ज्ञान 'कला' ठरले, ते कागदावर उतरवणारा 'शास्त्रकार' ठरला. १९२६ साली त्यांच्या प्रयत्नांतून लखनौला मॅरिस कॉलेज निघाले आणि संगीत वर्गात, परीक्षेत, पदवीत गेले. सोबत ही उतरंडही गेली.

आता चामड्याकडे या. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली तर आवाज निघतो, पण सूर लागत नाही. कारण त्यातील उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात. तबल्याच्या, मृदंगाच्या पुडीवर शाईचे थर दिले की ते जवळपास पूर्ण पटीत येतात. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये हे मांडले. त्याचे श्रेय त्यांना मिळालेच पाहिजे. पण थर किती द्यायचे, कुठे जाड, कुठे पातळ, हे पिढ्यान्‌पिढ्या कानाने ठरवणारा कारागीर कोण? त्याला संगीतशास्त्री कुणी म्हटले?

तामिळनाडूतील मृदंग बनवणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांवर टी. एम. कृष्णा यांनी पुस्तक लिहिले. २०२० साली त्याच्या प्रकाशनासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्रने आधी दिलेली सभागृहाची परवानगी मागे घेतली. गाईच्या कातड्याचा मृदंग मंचावर चालतो, ते कातडे कमावणाऱ्याची गोष्ट मात्र चालत नाही!

कुणी म्हणेल, १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडायला सांगितले, मग पुन्हा चामड्याच्या गोष्टी कशाला? मित्रांनो, सोडायची होती ती जातीने लादलेली सक्ती. ज्ञानावरचा हक्क सोडायला कुणी सांगितले नव्हते. तामिळनाडूत दलितांनी मयतीला पराई वाजवायचे गावकाम नाकारले आणि पुढे तीच पराई चळवळीच्या मंचावर वाजवली. दोन्ही कृती मुक्तीच्याच.

अमेरिकेतही हेच भांडण आहे. कृष्णवर्णीय संगीतशास्त्रज्ञ फिलिप यूएल यांनी तिथली ७ पाठ्यपुस्तके तपासली. २,९३० उदाहरणांपैकी गोरेतर रचनाकारांची फक्त ४९ निघाली. २०१९ साली त्यांनी हा प्रश्न भर परिषदेत मांडला आणि वादळ उठले. ते विचारू शकले, कारण पदवी घेऊन ते त्या खोलीत बसले होते.

आपल्याकडे खोलीचे दारच लावले जाते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक संशोधन हे विषय वगळले. बडोद्याने असा नियम लावला असता, तर १९१६ च्या त्या निबंधाचा विषयच बाद ठरला असता.

आणि इकडे आपला ठेवा हातातून निसटतो आहे. भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा घाट घेऊन त्यात बाबासाहेबांचा विचार भरला. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) गावोगाव गीते पोहोचवली. शर्मिला रेगे यांनी जलसे आणि भीमगीतांचा समाजशास्त्रीय अभ्यास केला. गीतांचे शब्द छापले गेले, पण चाल? कुठला ठेका, कव्वालीतून काय आले, लावणीतून काय आले, हे वस्तीतल्या म्हाताऱ्या गायकांच्या गळ्यात आहे. गळा थांबला की चाल गेली.

म्हणून ही पदवी घ्या. भातखंड्यांचीच स्वरलिपी शिका आणि तिच्यात जलशाची चाल उतरवा. फक्त एक फरक करा. ज्याच्या गळ्यातून ती घेतली, त्याचे नाव तळटीपेत टाकू नका. शास्त्रकार म्हणून वर लिहा.

जय भीम!