लिव्हर सिरॉसिस: रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या जिवाला धोका कशामुळे वाढतो?

यकृताला वर्षानुवर्षे इजा होत राहिली की त्यात कडक तंतू साचतात आणि त्याचं काम मंदावतं. यालाच लिव्हर सिरॉसिस म्हणतात. दारू, हिपॅटायटिस बी व सी आणि फॅटी लिव्हर ही त्याची प्रमुख कारणं. पोटात पाणी होणं, कावीळ, रक्ताची उलटी किंवा भ्रम यांपैकी काही सुरू झालं की आजार गंभीर टप्प्यात गेला असं समजतात. बहुतेक रुग्ण दाखल होतात ते याच टप्प्यावर.

धोका वाढवणारी कारणं कोणती?

संसर्ग: पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला तरी काही वेळा ताप किंवा पोटदुखी नसते. म्हणून दाखल झाल्यावर लगेच सुईने थोडं पाणी काढून तपासतात. त्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी प्रति घनमिलीमीटर २५० किंवा अधिक आढळल्या, तर कल्चरच्या रिपोर्टची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करतात.

किडनी: क्रिएटिनिन वाढणं आणि लघवी कमी होणं ही मोठी धोक्याची खूण आहे.

रक्तस्राव: अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्यास सुमारे १५ ते २० टक्के रुग्ण सहा आठवड्यांत दगावतात.

भ्रम, गुंगी: यकृत रक्तातला अमोनिया पुरेसा काढू शकत नाही, तेव्हा मेंदूवर परिणाम होतो.

ही कारणं एकमेकांना ओढून आणतात. रक्तस्रावातून संसर्ग, संसर्गातून किडनी बंद, असं चक्र सुरू होतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॅनॉनिक' या युरोपीय अभ्यासात दाखल झालेले १,३४३ रुग्ण होते. अवयव निकामी होण्याचा हा गंभीर प्रकार नसलेल्यांपैकी २८ दिवसांत सुमारे ५ टक्के दगावले. तीन किंवा अधिक अवयव निकामी झालेल्यांत मात्र हे प्रमाण ७५ टक्क्यांहून जास्त होतं.

डॉक्टर धोका कसा मोजतात?

'चाइल्ड-प्यू' गुणांकनात बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातलं पाणी आणि भ्रम पाहतात. ५-६ गुण म्हणजे सौम्य, १० ते १५ म्हणजे गंभीर. 'मेल्ड' गुणांकन ६ ते ४० पर्यंत असतं. मूळ सूत्रात बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि आयएनआर होते, पुढे सोडियमची भर पडली. गुण जितके जास्त, तितकी प्रत्यारोपणाची निकड जास्त.

नातेवाइकांनी काय लक्षात ठेवावं?

• काळी शौच, रक्ताची उलटी, ताप, लघवी कमी होणं, दिवसा झोप आणि रात्री जाग, असंबद्ध बोलणं यांपैकी काहीही दिसल्यास लगेच रुग्णालय गाठा.
• डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्या परस्पर देऊ नका.
• बद्धकोष्ठतेने भ्रम वाढतो. लॅक्ट्युलोज दिलं असेल तर ते मनाने बंद करू नका.
• डाळ, अंडी, दूध यांतली प्रथिनं स्वतःहून तोडू नका. कुपोषणानेही धोका वाढतो.
• दारू पूर्ण बंद. आजार पुढे गेलेला असला तरी त्याचा फायदा होतो.